मुलं संवाद ‘पाठ म्हणतात’, बोलत नाहीत. तालीम कशी घ्यावी?

घोडबंदरची_शिक्षिका

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. यंदा सातवी ते नववीचा नाट्यवर्ग माझ्याकडे आहे. ३८ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका, त्याही वेगवेगळ्या दिवशी. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे आणि त्यात २० मिनिटांचं मराठी नाटुकलं बसवायचं आहे. हातात साधारण १२ आठवडे आहेत.

मुख्य अडचण अशी की मुलं संवाद कवितेसारखे एका चालीत म्हणतात. समोरच्याचं वाक्य चालू असताना छताकडे बघत आपलं वाक्य आठवत उभी राहतात. “जरा भावना आणा” असं सांगितलं की नुसता आवाज वाढतो. शिवाय मागच्या रांगेपर्यंत काही पोहोचत नाही. प्रयोग शाळेच्या मैदानात मंडपाच्या स्टेजवर होणार आहे, त्यामुळे माईकचाही प्रश्न आहे. कुठून सुरुवात करावी? शिबिरात शिकवतात तसे नुसते खेळ नकोत, प्रयोगापर्यंत नेणारा क्रम हवा आहे.

---

विंगेतून

ताई, हे दुखणं पहिल्याच आठवड्यात लागतं. झेरॉक्स वाटल्या आणि “घरून पाठ करून या” म्हटलं की पाठांतराला चाल लागते. शब्द आणि चाल डोक्यात एकत्रच बसतात. मग तुम्ही “रागाने म्हण” म्हणालात की तीच चाल मोठ्याने ऐकू येते. शिवाय मूल पिवळ्या पेनाने फक्त आपली वाक्यं रंगवतं आणि तेवढीच पाठ करतं. समोरचा काय बोलतोय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो थांबला की आपली पाळी, एवढंच त्याला ठाऊक. एकाचं वाक्य गळलं की सगळे गप्प होतात ते यामुळेच.

म्हणून क्रम उलटा घ्या. आधी प्रसंग, मग स्वतःच्या शब्दांत बोलणं, आणि संहितेतले शब्द सगळ्यात शेवटी.

पहिल्या दोन आठवड्यांत हा एकच सराव पुरे. फळ्यावर चार ओळी लिहा:

– फोन कुठाय?
– कुठला फोन?
– माझा.
– असेल इथेच.

दोन-दोनच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी द्या, ती वर्गाला दाखवायची नाही. एका चिठ्ठीत लिहा: फोन दुसऱ्याच्याच खिशात आहे. दुसरीत: फोन आत्ताच दुसऱ्याच्या हातून पडून फुटलाय. तिसरीत: दोघांचं दोन दिवस बोलणं बंद आहे. चौथीत: शेजारच्या खोलीत आजोबा झोपलेत. शब्द बदलायचे नाहीत, एकही जास्त बोलायचा नाही. वर्गाने चिठ्ठीत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्यावर तुम्ही एकच विचारा, “कशावरून?” उत्तरं येतात: “त्याने खिशावर हात ठेवला होता.” “‘माझा’ म्हणायच्या आधी ती थांबली.” नाटक शब्दांच्या मधल्या जागेत घडतं हे मुलांना तिथे दिसतं. तुम्हाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

दुसरी सवय तुम्हालाच लावून घ्यावी लागेल. “रागाने”, “दुःखाने”, “आनंदाने” हे शब्द तालमीतून काढून टाका. या शब्दांनी मूल आपल्या चेहऱ्याचा विचार करतं: भुवया आकसतं, ओठ वाकडे करतं. त्याऐवजी समोरच्याचं काय करायचं ते सांगा. त्याला हाकल. तिला गळ घाल. प्रश्न टाळ. खोदून विचार. डिवच. समजूत काढ. दटाव. प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने असं एक क्रियापद लिहायला लावा. कसोटी सोपी आहे: ते समोरच्यावर करता आलं पाहिजे. “रडणे” चालणार नाही, पण “त्याला वाईट वाटायला लावणे” चालेल. आणि तालमीत बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. तो जागचा हलला, मान वळवली, मागे सरकला, तर वाक्य लागलं.

१२ आठवडे साधारण असे वाटून घ्या. पहिले दोन वर सांगितलेल्या सरावाचे. तिसऱ्यात नाटुकल्याची गोष्ट तुम्ही सांगा (संहिता वाटायची नाही) आणि मुलांकडून एकेक प्रसंग त्यांच्या शब्दांत उभा करून घ्या. भूमिका फिरत्या ठेवा. आज आई झालेली उद्या रिक्षावाला. चौथ्या आठवड्याच्या शेवटी भूमिका ठरवा. आधी ठरवल्या की उरलेली मुलं त्याच दिवशी मनाने बाहेर पडतात. पाचव्यात बसून वाचन, सहाव्या-सातव्यात संहिता हातात घेऊन उभ्याने, आठव्याच्या शेवटी संहिता हातातून बाहेर. ही तारीख फळ्यावर लिहून ठेवा आणि पाळा. नववा, दहावा दुरुस्तीचा, अकराव्यात न थांबवता सलग प्रयोग, बाराव्यात रंगीत तालीम.

बसून वाचनाला एक नियम: बोलताना डोळे कागदावर नकोत. खाली बघून वाक्याचा तुकडा उचलायचा, मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचा, मग पुन्हा खाली. फार हळू चालतं, एका पानाला दहा मिनिटं लागतात. लागू द्या. यात मूल वाक्य आधी समजून घेतं आणि मग कुणाला तरी देतं. चाल लागायला जागाच राहत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक हमखास बिघडतं. स्वतःच्या शब्दांत बोलायला सांगितलं की प्रत्येक प्रसंगाचं भांडण होतं आणि मारामारीवर संपतं. कारण दोघांनाही एकच गोष्ट दिलेली असते: जिंकणं. दोघांच्या गरजा वेगळ्या ठेवा. एकाला वर्गणी हवी आहे, दुसऱ्याला तो आत येऊ नये असं वाटतंय, कारण घरात पसारा आहे. आणि मर्यादा घाला: प्रत्येकी सहा वाक्यं, स्पर्श नाही. मुलं मध्येच इंग्रजी-हिंदीत घसरतील. पहिल्या फेरीत अडवू नका, दुसऱ्या फेरीत तोच प्रसंग मराठीत घ्या. व्याकरण त्या क्षणी सुधारू नका, नाहीतर पुढचं वाक्य येणारच नाही.

---

ऐरोलीकर

विंगेतून यांच्या क्रमाशी सहमत आहे, पण पाचव्या आठवड्यापर्यंत कागद न देणं इथे जड जाईल. या मुलांची मराठी बोलायची असते, वाचायची नसते. जोडाक्षराला अडखळणारं मूल बसून वाचनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडं पडतं आणि तिथेच मिटून जातं. अशा मुलांना संहिता आठवडाभर आधी घरी द्या, फक्त ती पाठ करण्यासाठी नाही, वाचता यावी म्हणून आहे हे स्पष्ट सांगा.

देताना एवढं पाहा. अक्षर मोठं (१६ पॉइंटपेक्षा लहान नको), ओळींत दुप्पट अंतर, पानाच्या एकाच बाजूला छपाई, म्हणजे मागच्या कोऱ्या बाजूला हालचाली टिपता येतात. पूर्ण प्रसंग द्या, सुटी वाक्यं नकोत. आणि रोमन लिपीत मराठी कधीच देऊ नका, मुलांनी आणि पालकांनी कितीही मागितलं तरी. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक रोमनमध्ये पुसला जातो, आणि तो मग रंगमंचावर ऐकू येतो.

घरच्या सरावासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग होतो, पण पद्धत बरोबर हवी. शिक्षकांनी संपूर्ण संवाद अभिनयासकट बोलून पाठवले की मूल तुमची नक्कल करतं. तुम्ही जिथे श्वास घेतला तिथेच तेही घेतं. म्हणून फक्त समोरच्या पात्राची वाक्यं सपाट आवाजात रेकॉर्ड करा आणि मुलाच्या वाक्याएवढी जागा, अधिक दोन सेकंद, मोकळी सोडा. आता मुलाला ऐकावंच लागतं, कारण ऐकल्याशिवाय आपली पाळी कळत नाही. सराव करताना हात कामात हवेत: कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, भिंतीवर चेंडू टाकणं. हाताची लय वेगळी पडली की तोंडाची चाल मोडते.

संहिता हातातून गेल्यावर आठवड्यातून एकदा झपझप तालीम घ्या. सगळे एकमेकांकडे पाठ करून खाली बसतात आणि दुप्पट वेगाने, अभिनय न करता, पूर्ण नाटुकलं बोलून काढतात. २० मिनिटांचं दहा-बारा मिनिटांत संपतं. जिथे अडकतं तिथे बहुतेक वेळा आधीच्या वाक्याचा शेवट नीट ऐकलेला नसतो. त्या जागा तुम्ही नोंदवा, दोष त्या मुलाच्या स्मरणशक्तीला देऊ नका.

---

विंगेतून

मान्य. अडखळत वाचणाऱ्यांना आधी द्या. बाकीच्यांना मात्र पहिले चार आठवडे नको, यावर मी ठाम आहे.

---

वाचिक_सानपाडा

आवाजाबद्दल. मागच्या रांगेला ऐकू येत नाही याचा अर्थ आवाज लहान आहे असा धरून “मोठ्याने बोल” सांगितलं जातं. खरं कारण बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी असतं. मूल सुरुवातीला जोरात निघतं, श्वास अर्ध्यावर संपतो आणि शेवटचे दोन शब्द घशात राहतात. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी येतात. “मी उद्या तुझ्याबरोबर बाजारात येणार नाही” यातलं “नाही” गिळलं की प्रेक्षकाला नेमकं उलटं ऐकू येतं आणि पुढचा सगळा प्रसंग कळेनासा होतो.

यासाठी चेंडू घ्या, टेनिसचा चालेल. दोघं पंधरा पावलांवर उभे. वाक्य बोलायचं आणि चेंडू शेवटच्या शब्दावरच सोडायचा, आधी नाही. हात शेवटपर्यंत थांबला की श्वासही शेवटपर्यंत पुरतो. चार-पाच तासिकांनंतर चेंडू काढून घ्या, सवय राहते. दुसरा सराव: शेवटच्या बाकांवर पाच मुलं वही घेऊन बसवा. त्यांनी प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द लिहायचा, ऐकू आला नाही तर रेघ मारायची. तासिकेअखेर वही बोलणाऱ्यांच्या हातात द्या. तुम्ही दहा वेळा सांगून जे पटत नाही ते त्या रेघा दाखवतात.

श्वासाच्या खुणा संहितेत तिरकी रेघ मारून करा, आणि त्या अर्थाच्या तुकड्यावर हव्यात. “मी उद्या / तुझ्याबरोबर बाजारात / येणार नाही.” खांदे उचलून घेतलेला श्वास वरवरचा असतो. मुलांना बाकावर पालथ्या हातांवर डोकं टेकून बसवा आणि कमरेच्या मागे दोन्ही बाजूंना श्वास भरताना जाणवतो का ते पाहायला सांगा. तिथे जाणवला की ठीक.

रोज पाच मिनिटं: एक मिनिट तोंड बंद ठेवून “म्…”, एक मिनिट ओठ फुरफुरवत आवाज वर-खाली नेणं, एक मिनिट जबडा सैल करून जांभया, उरलेली दोन मिनिटं जिभेला. “काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले” हे आधी अगदी सावकाश, प्रत्येक ‘ळ’ स्पष्ट. वेग शेवटच्या फेरीतच. वेगाने सुरुवात केली तर मुलं हसतात आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो.

इंग्रजी माध्यमात ‘च’ आणि ‘ज’ यांची दोन-दोन रूपं हरवलेली असतात. चूक, चोर, जागा, जोर यांतले दातांजवळचे. चार, चिमणी, जेवण, जीभ यांतले टाळूजवळचे. “माझा” आणि “माझी” यांतला ‘झ’सुद्धा सारखा नाही. “चटईला टाचणी टोचली” यात तिन्ही ‘च’ दातांजवळचे आहेत, ते या सरावाला चांगलं. मात्र उच्चाराची दुरुस्ती सुरुवातीच्या त्या पाच मिनिटांत करा, प्रसंग चालू असताना कधीच नको. आणि घरी वऱ्हाडी, आगरी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाची बोली पुसू नका. पात्राला शोभत असेल तर तीच ठेवा. ती त्या मुलाच्या तोंडात संहितेच्या भाषेपेक्षा जास्त खरी असते.

आठवी-नववीतल्या मुलग्यांचे आवाज फुटत असतात. त्यांना ओरडायचे प्रसंग देऊ नका, लहानपणीच्या उंच स्वरात बोलायचा आग्रह धरू नका. आवाज मध्येच चिरकला तर थांबवून हशा होऊ देऊ नका, पुढे चालू ठेवा. घसा बसलेल्या मुलाला कुजबुजत बोलायला सांगतात, त्यानेही ताण येतो. त्या दिवशी त्याने फक्त हालचाली कराव्यात, शब्द दुसऱ्याने बोलावेत.

---

घोडबंदरची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनच्या चार ओळी उद्याच घेते. अजून काही विचारते. ३८ मुलांना ३५ मिनिटांत कामाला कसं लावायचं? स्टेजवर सगळे कवायतीसारखे एका रांगेत उभे राहतात ते कसं मोडायचं? एक मुलगा बोलताना अडखळतो, पण त्याला काम करायचं आहे. आणि नाटुकल्यात एक थप्पड आहे, ती ठेवावी का?

---

विंगेतून

३५ मिनिटांतली पाच बाक सरकवण्यात जातात. तेही शिकवा: न बोलता, आवाज न करता, घड्याळ लावून. दोन आठवड्यांत ते दीड-दोन मिनिटांवर येतं, आणि एकमेकांकडे लक्ष देण्याचा तो चांगला सराव आहे. मग पाच मिनिटं आवाज-अंग, पंधरा मिनिटं सहा-सहाच्या गटांत काम, आठ मिनिटं सादरीकरण, शेवटी दोन मिनिटं नोंदी. आठ मिनिटांत दोनच गट दाखवा, बाकीचे पुढच्या तासिकेला. सहाही गट रोज दाखवायचे म्हटलं तर काम कुणाचंच होत नाही. बघणाऱ्यांना रिकामं ठेवू नका, प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्या, “याला काय हवं होतं?” किंवा “कुठल्या क्षणी बदल झाला?” “कसं वाटलं?” असं विचारलंत तर “छान” एवढंच मिळेल.

प्रयोगासाठी वाटणी साधारण अशी धरा: बोलक्या भूमिका ९-१०, समूह १४-१५, पडद्यामागे १३-१४. समूहाला गर्दी म्हणून मागे उभं करू नका, त्यांचंच नेपथ्य करा. तेच सोसायटीचं गेट, लिफ्टचा दरवाजा, रिक्षाची रांग, पावसाचा आवाज. पाऊस करायचा तर चुटक्या, मग मांडीवर थाप, मग पाय, आणि उलट्या क्रमाने ओसरता. मंडपातल्या साउंडवर रेकॉर्ड केलेल्या पावसापेक्षा हा जास्त खरा वाटतो आणि कलाकारांच्या हातात राहतो.

पडद्यामागची कामं नावानिशी द्या. प्रॉम्प्टर (विसरलेलं वाक्य आडून सांगणारे) दोन, आणि ते पहिल्या उभ्या तालमीपासून हवेत. शेवटच्या दिवशी बसवलेल्या प्रॉम्प्टरला विराम कुठला आणि विसरलेलं कुठलं हे कळत नाही. तो विरामातच वाक्य सांगून मोकळा होतो. संहितेत विरामाच्या जागी लाल खूण करून द्या. सांगताना पहिले दोन-तीन शब्दच, खालच्या पण ठाम आवाजात. सामानासाठी एका टेबलावर खाकी कागद चिकटवा, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून कडेने पेन फिरवा आणि आत नाव लिहा: ‘आजीची काठी’, ‘पाकीट’, ‘स्टीलचा डबा’. प्रयोगाआधी एक नजर टाकली की कुठली आकृती रिकामी आहे ते दिसतं. वस्तू घेणाऱ्यानेच ती जागेवर परत आणायची.

आता रांग. मुलं रांगेत येतात याला बहुधा आपलीच सूचना कारण असते: “प्रेक्षकांकडे पाठ करू नका.” ती मागे घ्या. पाठमोरं उभं राहूनही बोलता येतं, फक्त ते ठरवून आणि क्वचित हवं. जमिनीवर रंगीत टेपने खऱ्या स्टेजचं माप आखा आणि त्याचे नऊ चौकोन करा, तीन पुढे, तीन मध्ये, तीन मागे. नियम द्या की एका चौकोनात दोघांपेक्षा जास्त नकोत आणि तिघं एका रेषेत आले तर मधल्याने एक पाऊल मागे घ्यायचं. आपोआप त्रिकोण होतात. उंची बदलायला शाळेतले दोन-तीन ठोकळे, एखादं बाक पुरतं. बोलणारा चालतो, ऐकणारा (वाक्य लागून हलला तरी) चालत नाही. दुसऱ्याच्या वाक्यावर चाललात तर प्रेक्षक वाक्य सोडून चालणाऱ्याकडे बघतो. आणि प्रत्येक हालचालीला कारण हवं. “मी इकडे का आलो?” याचं उत्तर मुलाकडे नसेल तर ती हालचाल काढा.

स्टेजचं माप अंदाजाने धरू नका. मंडपवाल्याकडून रुंदी, खोली, उंची, विंगेची खोली आणि पायऱ्या कुठल्या बाजूला, हे पाच आकडे नोव्हेंबरातच लिहून घ्या. वर्गात वीस फुटांत बसवलेलं नाटुकलं चोवीस फुटांच्या स्टेजवर गेलं की प्रत्येक प्रवेशाला दोन पावलं जास्त लागतात आणि वाक्यं मोकळ्या जागेत पडतात. विंग अरुंद असेल तर बारा मुलं तिथे मावणार नाहीत, पायऱ्यांखाली रांग लावावी लागेल आणि तिथे एक मोठं माणूस उभं करावं लागेल. फळ्यांवर बूट धाडधाड वाजतात. कॅनव्हासचे बूट किंवा अनवाणी. अनवाणी असाल तर आधी खिळे आणि स्टेपल तपासा.

मुलांना एकदा गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आतून दाखवता आलं तर जरूर दाखवा. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग लागतात. बाल्कनीत बसून नट कसा ऐकू येतो हे एकदा अनुभवलं की आवाजाबद्दलचं निम्मं बोलणं वाचतं.

---

वाचिक_सानपाडा

अडखळणाऱ्या मुलाबद्दल. त्याला जरूर घ्या, आणि मुकं काम देऊन वाटेला लावू नका. अनेकांबरोबर एकसाथ बोलताना अडखळणं बऱ्याचदा खूप कमी होतं. गाताना किंवा लयीत बोलतानाही तसंच. सुरुवात समूहाच्या वाक्यांतून करा, मग दोघांनी मिळून बोलायची वाक्यं, मग त्याची इच्छा असेल तर एकट्याची. त्याचं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचं नाही, हा नियम सगळ्या वर्गाला लावा. “शांत हो, हळू बोल” असं त्याला सांगू नका, त्याने ताण वाढतो. कुठली अक्षरं जड जातात ते तोच सांगेल. तिथला शब्द बदलून घ्या. संहिता तुमची आहे, एक शब्द बदलल्याने काही बिघडत नाही.

---

ऐरोलीकर

थप्पड ठेवायची असेल तर ती खरी नसावी आणि दोघांनी मान्य केलेली असावी. दोघांपैकी एकालाही नको असेल तर काढा. उगारलेला आणि हवेतच थांबलेला हात तेवढंच काम करतो.

करायची तर अशी. मारणारा प्रेक्षकांकडे साधारण पाठ करून, खाणारा त्याच्यासमोर. दोघांत हात पूर्ण लांब केल्यावरही वीतभर अंतर उरलं पाहिजे. ते अंतर टेपच्या खुणेने पक्कं करा, कारण प्रयोगाच्या दिवशी जोशात मुलं पुढे सरकतात. आधी डोळ्याला डोळा, तीच तयारीची खूण. मग हात चेहऱ्यासमोरून आडवा जातो, चेहऱ्याच्या दिशेने आत नाही. आवाज खाणारा काढतो: छातीपाशी, मारणाऱ्याच्या अंगाआड झाकलेल्या दोन हातांची एक टाळी. टाळीच्या क्षणीच मान वळवायची आणि वळत्या हातानेच गाल धरायचा, म्हणजे टाळी दिसत नाही. पहिले आठ-दहा वेळा अगदी सावकाश, आकडे मोजत, मग अर्ध्या वेगाने. पूर्ण वेग फक्त सलग तालमीत. प्रयोगाआधी अर्धा तास दोघांनी पुन्हा एकदा सावकाश करून घ्यायची. एकजण गैरहजर असला तर त्या दिवशी बदली मुलाबरोबर थप्पड नाही.

आणि रंगमंचावर खरी पणती, कंदील, काचेचा ग्लास नको. सेलवरचे दिवे मिळतात. पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) उभे केलेत तर मागे टेकू आणि टेकूवर वाळूची पिशवी हवी. मैदानात संध्याकाळचा वारा सुटला की आठ फुटी फ्लॅट शिडासारखा ओढला जातो.

---

साउंड_कोपरखैरणे

माईकचं सांगतो. मंडपात बहुतेक वेळा मुलांसमोर उभे स्टँड ठेवतात आणि मग मुलं बोलायला स्टँडपाशी येतात. ताईंची रांग तिथूनही येत असेल. त्याऐवजी स्टेजच्या पुढच्या कडेला तीन माईक खाली, बुटक्या स्टँडवर, तोंड मुलांकडे. २४ फुटांच्या स्टेजला मधला बरोबर मध्यावर, बाजूचे त्याच्यापासून सात-आठ फुटांवर. खाली फोमचा तुकडा ठेवा, नाहीतर पावलांची धाडधाड शब्दांपेक्षा मोठी येते. मिक्सरवर लो-कट (खालचे घुमणारे आवाज गाळणारं बटण) दाबायला सांगा, १०० हर्ट्झच्या खालचं गेलं तरी मुलांच्या आवाजाचं काही जात नाही.

स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवेत. माईकच्या मागे किंवा बरोबरीला आले की शिट्टी मारणारच. शिट्टी आली की ऑपरेटर आवाज कमी करतो आणि तिथपासून शेवटपर्यंत कुणालाच काही ऐकू येत नाही. अंतराचा हिशोबही ध्यानात ठेवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. चार फुटांवर स्पष्ट येणारं मूल आठ फुटांवर गेलं की ६ आणि सोळा फुटांवर १२ डेसिबलने खाली. म्हणून गोष्ट पुढे नेणारी वाक्यं पुढच्या तीन चौकोनांत घ्या आणि मागचे चौकोन हालचालींना ठेवा.

कॉलर माईक नऊ मुलांना नऊ लागतात, कपड्याला घासून खरखरतात आणि एकमेकांना देता-घेता गोंधळ होतो. बजेट असेल तर दोनच घ्या, निवेदकांसाठी. नवे सेल प्रयोगाच्या आधी, तालमीच्या आधी नाही.

रंगीत तालीम खऱ्या माईकवर, खऱ्या ऑपरेटरबरोबर हवीच. तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा नाटुकलं ऐकत असेल तर पहिली दोन मिनिटं गेली म्हणून समजा. त्याला संहितेची एक प्रत द्या, गाणं आणि समूहाच्या जागा ठळक करून. आणखी एक: उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावे लागतात, आणि संमेलनं लांबतात. नाटुकलं कार्यक्रमपत्रिकेत शेवटी असेल तर तेच कापलं जातं. ते बक्षीस समारंभाच्या आधी टाकून घ्या.

---

घोडबंदरची_शिक्षिका

वेगळा विषय, पण विचारून ठेवते. संहिता छापील पुस्तकातली घेतली तर लेखकाची परवानगी लागते का? आणि शाळेला प्रयोग यूट्यूबवर टाकायचा आहे.

---

ऐरोलीकर

शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनीच केलेला आणि शाळेचे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढ्यांपुढेच झालेला प्रयोग १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलतीत बसतो. तरीही लेखक हयात असतील तर पत्र पाठवून कळवावं, ते आनंदाने होकार देतात आणि बदलांबद्दलही विचारता येतं. यूट्यूबवर टाकलंत की प्रेक्षक ‘एवढेच’ राहत नाहीत, तेव्हा तिथे लेखी परवानगी हवी. पार्श्वसंगीताला तयार गाणं वापरलं असेल तर त्याचीही. आणि मुलांचे चेहरे आहेत, म्हणून पालकांची लेखी संमतीसुद्धा. आंतरशालेय स्पर्धेला नेणार असाल तर आधी त्या स्पर्धेची नियमपत्रिका वाचा. लेखकाचं परवानगीपत्र आणि संहितेचं परिनिरीक्षण प्रमाणपत्र (नाटकांच्या सेन्सॉरचं) मागितलं जातं, आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. नाट्यछटाकार दिवाकरांचं निधन १९३१ चं, त्यामुळे त्यांच्या नाट्यछटा मोकळ्या आहेत. शिवाय नाट्यछटेत एकच पात्र बोलतं आणि समोरच्याचं बोलणं फक्त त्याच्या प्रतिक्रियेतून कळतं. तुमच्या वर्गाचं मूळ दुखणं न ऐकणं हे आहे, त्याला याहून चांगला सराव नाही. समोरचा मुलगा खरोखर बसवा, त्याची न लिहिलेली वाक्यं त्याला हळू आवाजात बोलायला लावा, आणि चार फेऱ्यांनंतर त्याला उठवून घ्या. बोलणारं मूल रिकाम्या खुर्चीचंही ऐकत राहतं.

---

घोडबंदरची_शिक्षिका

हे फार उपयोगी आहे. नाट्यछटा पहिल्या दोन आठवड्यांतच, फोनच्या ओळींबरोबर घेऊ का?

---

ऐरोलीकर

नको, तिसऱ्यात घ्या. भाषा जुनी आहे, आधी तुम्ही एकदा वाचून दाखवा आणि न कळलेले शब्द फळ्यावर लिहा. एका नाट्यछटेवर तीन मुलं पुरतात: एक बोलणारा, एक समोरचा, एक शेवटचा शब्द लिहिणारा. तासिका संपायच्या आत तिघांनी जागा बदलायच्या.